वळसंगचा कट्टा आणि विजेवरची गाडी

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर एकदम संपत नाही, हळूहळू विरत जाते. कुंभारीपाशी विडी कामगार महिलांच्या घरांच्या ओळी लागतात. गोदूताई परुळेकरांच्या नावाने वसलेली ही दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. या वाटेने जाताना माझ्यासारख्या वैद्यकीय व्यावसायिकाला दमा, खोकला आणि वाकलेल्या पाठी यांचीच आधी आठवण होते. पुढे काळी जमीन मोकळी होते. रब्बीत ज्वारी, एरवी तूर, आणि उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली माती. आकाश स्वच्छ असेल तर उजवीकडे, होटगीच्या पलीकडे, फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसते. वीसेक किलोमीटरवर वळसंग येते. गाव मोठे, स्वतःचे पोलीस ठाणे असलेले. बोलणे मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते, किंवा त्याच्या उलट.

वळसंगचे नाव इतिहासात आहे ते एका विहिरीमुळे. सार्वजनिक पाणवठा बंद असलेल्या येथील दलित समाजाने स्वतःच्या श्रमाने विहीर खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे येऊन तिचे पाणी प्यायले. आजही लोक ती विहीर पाहायला येतात. माझे वळसंगला जाणे मात्र एका अशा रुग्णासाठी होते, ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते. दिवसाला एक लिटर, त्यात चहा, ताक आणि आमटीही धरायची.

त्यांना घरात आणि गावात सगळे अप्पाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय बहात्तर. मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली आणि गेली दोन वर्षे आठवड्यातून तीन वेळा सोलापूरला डायलिसिस सुरू आहे. गुडघे झिजलेले, डाव्या हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला, पाठीच्या एका मणक्याची उंची ठिसूळपणाने कमी झालेली. सोबत अव्वा, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला मुलगा आणि सून.

येथे एक गोष्ट स्पष्ट मांडली पाहिजे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे, आणि त्यामुळे अनेक कुटुंबांचा उपचाराचा मोठा भार उतरला. परंतु उपचार मोफत झाला तरी रुग्णालयापर्यंतची वाट मोफत होत नाही. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. वळसंगसारख्या गावाहून जाऊन-येऊन सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ठरलेला जीपवाला लग्नाच्या भाड्याला गेला आणि अप्पांची फेरी चुकली. सोमवारी पहाटे ते उशांना टेकून बसलेले, एक वाक्य पुरे बोलता येत नव्हते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेत आली म्हणून फुप्फुसांत साठलेले पाणी निघाले. डायलिसिसच्या रुग्णांना दोन फेऱ्यांमधले मोठे अंतर सर्वांत धोक्याचे असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. रक्तातले पोटॅशियम वाढते आणि पाणी छातीत साचते. त्या सोमवारनंतर मुलाने स्वतःची गाडी घ्यायचे ठरवले, तीही विजेवरची. त्यासाठी गरज पडली तर एक एकर जमीन विकायची तयारी होती. म्हणून त्याने मला बोलावले. ‘डॉक्टर, गाडीतले मला कळते, अप्पांचे तुम्ही बघा,’ असे तो म्हणाला.

प्रात्यक्षिकासाठी सोलापूरहून आलेली गाडी लहान आकाराची, उंच बांध्याची, विजेवर चालणारी एसयूव्ही होती. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. हे आरोग्याचे पाक्षिक आहे आणि मी जे सांगणार आहे ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते. आपल्याकडे हा वर्ग घरोघरी माहीत झाला तो टाटांच्या नेक्सॉन ईव्हीमुळे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी ही गाडी जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर जाण्याचा दाखला होता. पुढे ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी आली आणि दाखला ४८९ किलोमीटरवर गेला. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० याच पंगतीतली. अपघात-सुरक्षेच्या भारत एनकॅप चाचणीत दोघींना पाच तारे आहेत. यांच्या वरच्या पायरीवर बीएमडब्ल्यूची आयएक्स १ किंवा व्होल्व्होची ईएक्स ३० बसते, तिथे किमतीचा आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. ‘प्रीमियम’ हा शब्द आता या साऱ्यांनाच चिकटवला जातो. त्याचा अर्थ छतातली काच आणि आसनांचे शिवणकाम असा असेल, तर वृद्ध माणसाला त्यातले फारसे काही लागत नाही.

सोबत आलेला विक्री प्रतिनिधी उत्साही तरुण होता. गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग घेते ते त्याने सांगितले. अप्पांनी शांतपणे विचारले, ‘आणि मला आत बसायला किती सेकंद लागतील?’

मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुडघे झिजलेल्या माणसाला खोल आसन नको आणि फार उंचही नको. आसनाची कड उभ्या माणसाच्या मांडीच्या मध्यापासून नितंबापर्यंतच्या उंचीत कोठेतरी आली, तर तो पाठ करून टेकू शकतो आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेऊ शकतो. ठेंगण्या मोटारीत शरीर खाली सोडावे लागते, आणि उठताना सारे वजन गुडघ्यांवर येते. या बाबतीत उंच बांध्याची गाडी वृद्धांची खरी मैत्रीण आहे. आमच्या टेपने पुढच्या आसनाची उंची जमिनीपासून सुमारे पासष्ट सेंटीमीटर भरली. अप्पांची उंची बेताची, पण ती त्यांना जमली. खरी अडचण उंबरठ्याची होती. दाराखालची ही पट्टी विजेच्या गाडीत रुंद आणि जाड असते, कारण बॅटरी तळाशी पसरलेली असते आणि तिला बाजूच्या धडकेपासून जपायचे असते. पाय त्यावरून उचलून आत न्यावा लागतो. अप्पांचा उजवा पाय दोनदा अडखळला.

मागच्या आसनावर वेगळीच गोष्ट ध्यानात आली. बॅटरीमुळे आतली जमीनही वर आलेली असते. बसल्यावर गुडघे वर येतात, मांडी आसनावर पूर्ण टेकत नाही आणि सारा भार कमरेच्या खालच्या हाडांवर पडतो. दहा मिनिटांत ते जाणवत नाही, चाळीस मिनिटांत जाणवते. म्हणून माझी विनंती आहे की दुकानासमोरच्या मैदानात एक फेरी मारून गाडी ठरवू नये. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना घेऊन, त्यांच्या नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळी जावे. आम्ही वळसंग ते सोलापूर आणि परत असे गेलो, तेही डायलिसिसच्या दिवशीच. मुलाला गाडी चालवायची होती आणि प्रतिनिधी रुग्णालयाच्या आवारात चार तास थांबायला तयार झाला, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

कोणत्या बाजूला बसायचे हाही वैद्यकीय प्रश्न आहे. अप्पांचा फिस्टुला डाव्या हाताला. त्या हातावर दाब येता कामा नये, त्या हाताने रक्तदाब मोजू नये, त्यावर डोके ठेवून झोपू नये, हे त्यांना पाठ आहे. पुढच्या डाव्या आसनावर बसले की तोच हात दाराच्या टणक भागाला टेकतो आणि प्रत्येक खड्ड्याला आपटतो. मागे उजवीकडे बसवले तर डावा हात आतल्या बाजूस मोकळा राहतो आणि पट्टाही उजव्या खांद्यावरून येतो. परंतु उजवे दार वाहतुकीच्या बाजूला उघडते. वळसंगच्या गल्लीत त्याची चिंता नाही, सोलापुरात आहे. शेवटी पुढेच बसवून दार आणि हात यांच्यामध्ये अव्वांनी शिवलेली लहान उशी ठेवली. लाखांच्या गाडीत सर्वांत उपयोगी ठरलेली ही वस्तू जुन्या इरकली लुगड्याची होती.

गाडी निघाली आणि अव्वा म्हणाल्या, ‘चालू झाली का?’ विजेच्या गाडीची ही शांतता रुग्णाला मोठे सुख देते. इंजिनाची थरथर नाही, गिअर बदलतानाचे हिसके नाहीत. मात्र एक वेगळा हिसका आहे. पाय वरून काढला की या गाड्या आपोआप मंदावतात आणि ती शक्ती बॅटरीत परत भरतात. चालवणाऱ्याला ते आवडते. शेजारी बसलेल्याची मान मात्र पुढे-मागे होत राहते. मानेचे मणके दुखणाऱ्यांना, चक्कर येणाऱ्यांना आणि प्रवासात मळमळणाऱ्यांना याचा त्रास होतो. कुंभारीपर्यंत अव्वांनी दोनदा लिंबू हुंगले. ही परत भरण्याची क्रिया बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येते. मुलाने ती सर्वांत कमीवर ठेवली, तेव्हा त्यांचे लिंबू पदरात गेले. घरात वृद्ध असतील तर ही सोय आहे की नाही ते पाहावे, आणि मुख्य म्हणजे ती वापरावी.

दुसरी गोष्ट गतिरोधकांची. बॅटरीमुळे या गाड्यांचे वजन वाढते, ते पेलण्यासाठी खालच्या स्प्रिंगा कडक ठेवाव्या लागतात आणि आसनावर बसणाऱ्याला दणका अधिक लागतो. महामार्गावर ते कळत नाही, गावात शिरताना आणि शहरातल्या गल्ल्यांत कळते. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला मागच्या आसनावर एकच जोराचा दणका बसला तर पाठीचा मणका दबू शकतो. पडलो नाही, आपटलो नाही, तरी गाडीतून आल्यापासून पाठ धरली आहे, असे सांगणारे वृद्ध आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. अशा वेदनेला ‘हवा धरली’ म्हणून सोडून देऊ नये, क्ष-किरण तपासणी करावी. अप्पांचा एक मणका असाच गेलेला असल्याने मुलाला मी एवढेच सांगितले की या गाडीचा वेग जितका सहज वाढतो, तितकाच तो गतिरोधकापूर्वी कमी झाला पाहिजे.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या वर जातो. विजेच्या गाडीचा मोठा गुण मला येथे दिसला. ती घरातून निघण्याआधीच, चार्जिंगला जोडलेली असतानाच, आतून थंड करून ठेवता येते. ज्यांना पाणी मोजून प्यायचे आहे त्यांच्या दृष्टीने ही चैन नव्हे. उन्हाने घसा कोरडा पडला की तहान आवरत नाही, दोन पेले जास्त जातात आणि पुढच्या फेरीला वजन दीड किलोने वाढलेले दिसते. दुसरे असे की उभ्या गाडीत इंजिन न चालवता, धूर न सोडता गारवा चालू ठेवता येतो. चार तास बाहेर थांबणाऱ्या अव्वांसारख्या सोबतिणीला सावलीचे बाकडे मिळतेच असे नाही. तथापि बंद गाडीत वृद्ध माणसाला एकटे बसवून जाऊ नये. उन्हातल्या बंद गाडीचे आतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते, आणि गारवा बंद पडला तर पडद्यावरचे बारीक चित्र शोधून तो पुन्हा सुरू करणे अव्वांना शक्य नव्हते. आम्ही तो प्रयोग करून पाहिला. चश्मा लावूनही त्यांना ते सापडले नाही. साधी गोल फिरवायची बटणे ज्या गाडीत आहेत तिला माझ्याकडून दोन गुण अधिक.

डायलिसिस होऊन अप्पा बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती. या वेळी शरीर सकाळपेक्षा निराळे असते. पाणी काढल्याने रक्तदाब उतरलेला, पोटऱ्यांत गोळे येण्याची शक्यता, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. पुढे बसल्यावर त्यांना पाय लांब करता आले हे बरे झाले, कारण कुंभारी ओलांडताना डाव्या पोटरीत गोळा आलाच. पाऊल स्वतःकडे ओढून धरल्यावर तो सैल झाला. आसन थोडे मागे कलते करावे, पण पूर्ण आडवे करू नये. आडव्या माणसाला पट्टा धरून ठेवू शकत नाही. घरी पोहोचल्यावर लगेच उभे करू नये. दार उघडून, पाय बाहेर सोडून, दोन मिनिटे तसेच बसू द्यावे आणि मग उठवावे.

पेसमेकर बसवलेल्या वाचकांचा एक प्रश्न मला वारंवार येतो, त्याचे उत्तर येथेच देतो. म्युनिकच्या हृदयरोग केंद्रातील डॉक्टरांनी पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेल्या १३० रुग्णांवर अतिवेगवान चार्जिंगची चाचणी घेतली. ५६१ वेळा चार्जिंग झाले आणि एकाही यंत्राच्या कामात बिघाड दिसला नाही. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही चार्जिंगची जाड तार छातीजवळ धरून उभे राहू नये, काम दुसऱ्यावर सोपवावे. बिनतारी किल्ली आणि मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवू नयेत, यंत्रापासून वीतभर तरी दूर असावेत.

आता खर्चाचे. वळसंग-सोलापूर फेरीला सहा-सात युनिट वीज पुरते. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती अडीच तासांत भरून निघते. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला रात्र जाईल, पण तशी वेळ येत नाही. वर्षाचे हजार-अकराशे युनिट. महिन्याला नव्वद युनिट वाढले म्हणजे लहान घराचे बिल शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून वरच्या टप्प्यात जाते, हेही हिशेबात धरावे. एवढे करूनही डिझेलपेक्षा ते पुष्कळ स्वस्त. पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते अर्थिंग. जुन्या घरांत ते नावापुरते असते. जाणत्या वायरमनकडून नवा खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग करवून घ्यावे, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडावे, आणि मगच गाडी जोडावी. शिवाय डायलिसिसच्या घरात बॅटरी निम्म्याच्या खाली ठेवून झोपू नये. रात्री दोन वाजता वीज गेलेली असू शकते. आणि छातीत दुखत असेल किंवा श्वास लागला असेल तर गाडी कितीही भरलेली असो, आधी १०८ लावावा. प्राणवायू मुलाच्या गाडीत नसतो.

धुराबद्दलही दोन शब्द. गाडीच्या मागून धूर येत नाही हे खरे. पण तिची वीज बहुधा कोळशाचीच, आणि ती चिमणी आमच्या वाटेवरच दिसते. फताटेवाडीच्या केंद्राची क्षमता १३२० मेगावॉट आहे. रस्त्यावरची धूळ, टायरची झीज हीही कमी होत नाही. म्हणून दम्याच्या रुग्णाने ‘आता मास्कची गरज नाही’ असे समजू नये. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ही गाडी ऐकू येत नाही. रस्ता ओलांडताना ते डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबतात. वळसंगच्या थांब्याजवळ एक आजोबा आमच्या अगदी पुढ्यातून गेले, वळूनही न पाहता. गावात पायी चालण्याच्या वेगानेच जावे आणि हलका हॉर्न द्यावा.

संध्याकाळी सोप्यात बसून निर्णय झाला. माझे मत मी स्पष्ट दिले. मोठ्या बॅटरीसाठी आणि छतातल्या काचेसाठी जमीन विकू नये. रोजची धाव चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची आहे. पुण्याला तज्ज्ञांकडे वर्षातून दोन-तीनदा जाणे होते. अडीचशे किलोमीटरच्या त्या प्रवासात टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशी वाटेवर थांबण्याची गावे आहेत. वृद्ध माणसाने दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, लघवीला जाऊन यावे, मधुमेह असेल तर वेळेवर खावे, असे आम्ही तसेही सांगतोच. तेवढ्या वेळात लहान बॅटरीही पुढच्या टप्प्यापुरती भरते. चार्जिंगची जागा निवडताना स्वच्छ, कमोड असलेले स्वच्छतागृह तेथे आहे का, हे आधी फोन करून विचारावे. मुलाने लहान बॅटरीचा, कमी सजावटीचा प्रकार घ्यायचे ठरवले. जमीन राहिली. सुनेने गाडी शिकायची अट घातली आणि ती मला सर्वांत आवडली, कारण ज्या दिवशी मुलगा गावात नसेल त्या दिवशीही फेरी चुकता कामा नये.

उंबरठ्याचे कोडे अप्पांनीच सोडवले. त्यांच्या घरासमोर दगडी कट्टा आहे, पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर गावाने गप्पा मारल्या असा. गाडी त्याला अगदी लगटून, दार उघडेल एवढीच जागा ठेवून उभी केली, तर कट्ट्याच्या खालच्या पायरीवरून थेट आसनावर टेकता येते. पाय उचलावा लागतो तो चार बोटे. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. त्याने त्या पायरीची कड घासून गोल केली, कारण तिची धार अप्पांच्या पोटरीला लागत होती. शेजारी भिंतीत धरायला लोखंडी कांब बसवली. गाडी यायला त्यानंतर तीन आठवडे होते.